नाबोथचा मळा आणि आमची वाडी : देवळात राजकारण बोलावं का?

राजेळी (रविवार, रात्री ९.४०)

आज सकाळी आमच्या गावच्या देवळात (चर्चमध्ये) मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना सात-आठ माणसं उठून बाहेर गेली. त्यांत माझे चुलतसासरे होते. दिवसभर घरात कुणी धड बोललेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आजच्या ठरलेल्या वाचनांत नव्हती, पण फादरांनी प्रवचनात मुद्दाम नाबोथची गोष्ट घेतली. जुन्या करारात राजांच्या पहिल्या पुस्तकात, २१व्या अध्यायात आहे. इज्रेल गावी नाबोथचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने याहून चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजा घरी येऊन तोंड फिरवून पडून राहिला, जेवेना. मग राणी ईजबेलने नाबोथवर देवनिंदेचा आळ आणला, दोन साक्षीदार उभे केले आणि गावाबाहेर नेऊन त्याला दगडांनी मारलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला तेव्हा एलीया संदेष्ट्याने त्याला तिथेच गाठून विचारलं, खून केलास आणि वर वतनही घेतलंस?

फादर इथे थांबले असते तर सगळे 'छान बोलले' म्हणत घरी गेले असते. ते पुढे म्हणाले, "आपल्या गावात दोन वर्षांत तीन बावखलं बुजली. भराव कुणी टाकला ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. नाबोथ आपल्यातला आहे आणि अहाबसुद्धा आपल्यातलाच आहे." तेवढ्यात बाकं वाजली.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी धरून ठेवतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतं. समुद्र इतका जवळ असून आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या या बावखलांच्या जिवावर. आमच्या विहिरीचं पाणी गेल्या उन्हाळ्यापासून मचूळ लागतंय. हंडा रात्रभर ठेवला की सकाळी तळाशी पांढुरका थर. राजेळी केळीची पानं कडेने करपायला लागलीत. बावखल बुजलं ते आमच्या कुंपणापासून चाळीस पावलांवर.

सासरे म्हणतात, "देवळात देवाचं ऐकायला जातो, ग्रामसभा ऐकायला नाही." मला वाटतं फादर बरोबर बोलले. पण चुलतसासरे वाईट माणूस नाहीत हेही मला माहीत आहे. तर तुम्हाला काय वाटतं? श्रद्धेने न्याय-अन्यायाच्या, राजकारणाच्या गोष्टीत किती उतरावं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही मोकळेपणाने लिहा.

---

खडीसाखर (रविवार, रात्री १०.०५)

वाचतेय. बावखल हा शब्द पहिल्यांदाच ऐकला, काय सुंदर शब्द आहे! फोटो टाका ना ताई. आणि तुमच्याकडे चर्चला देऊळ म्हणतात हेही आजच कळलं.

---

कुपारी_पोऱ्या (रविवार, रात्री १०.३१)

@खडीसाखर, हो, आम्ही वसईवाले देऊळच म्हणतो. आजीच्या तोंडून 'चर्च' शब्द मी कधी ऐकला नाही.

राजेळीताई, हा प्रश्न वसईत नवा नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामांना खुला करायचं ठरलं तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समिती घेऊन रस्त्यावर उतरले होते. तेव्हाही 'झगा घालणाऱ्याने मोर्चा कशाला काढावा' असं विचारणारे होतेच, आणि त्यांतले निम्मे आपलेच होते. माझी आजी लाल लुगडं नेसून, डोक्यावर टोपली नाही म्हणून हात कुठे ठेवायचे ते न कळून, आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात चालली. ती हे सांगायची तेव्हा नेहमी एकच गोष्ट आधी सांगायची : पुढे फादर होते म्हणून आजोबांनी जाऊ दिलं. फादर नसते तर वाडीतल्या बायका घराबाहेर पडल्या नसत्या. आजूबाजूच्या हिंदू गावांतले लोकही त्या लढ्यात होते, हे विसरून चालणार नाही.

हेच फादर 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून घरोघरी वाचले गेले आणि पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांना देवळातच बसवून ठेवलं असतं तर आज आपल्या वाड्यांचं काय राहिलं असतं?

---

सरळरेघ (रविवार, रात्री ११.१२)

मी वेगळं मत मांडतो. मीही ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करणारा आहे.

'कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला' हे प्रभूचेच शब्द आहेत (कैसर म्हणजे रोमचा सम्राट). फादर वेदीवरून बोलतात तेव्हा समोरच्याला उलट बोलता येत नाही. ग्रामसभेत मी हात वर करून 'तुमची माहिती चूक आहे' म्हणू शकतो. मिस्सेत माझ्याकडे एकच मार्ग उरतो, उठून जायचं. ती सात-आठ माणसं उठून गेली कारण त्यांना बोलायची सोयच नव्हती.

आणि चर्च राजकारणात पडलं की दर वेळी गरिबासाठीच पडतं असं नाही. १९५७ साली केरळात नंबुद्रीपादांचं कम्युनिस्ट सरकार आलं, त्यांनी शिक्षण विधेयक आणलं. खासगी शाळांच्या कारभारावर बंधनं येणार म्हणून चर्च आणि नायर समाजाची संघटना एकत्र आली, 'विमोचन समर' नावाचं सरकारविरोधी आंदोलन झालं आणि ३१ जुलै १९५९ ला केंद्राने निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. तेव्हाही वेद्यांवरून प्रवचनं झाली असतीलच. ती कुणाच्या मळ्यासाठी होती?

---

कुपारी_पोऱ्या (रविवार, रात्री ११.२०)

शाळा आणि पाणी एक कसं? शाळा चर्चची होती. बावखल कुणाच्या मालकीचं नाही, ते सगळ्यांच्या विहिरीत आहे.

---

फौजदारी_वकील (सोमवार, सकाळी ७.५५)

मी हिंदू आहे, बायबल शाळेत थोडंफार वाचलेलं. काल रात्री हा धागा वाचून तो अध्याय पुन्हा काढला आणि तीन वेळा वाचला. जमिनीच्या भानगडी बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे मला त्यात जे दिसलं ते लिहितो.

एक तर अहाबने भाव पाडून मागितला नाही. तो बाजारभाव देत होता, नाहीतर बदली जमीन. आजच्या कुठल्याही भूसंपादन अधिकाऱ्याने ऑफर योग्यच म्हटली असती. नाबोथचं म्हणणं किमतीबद्दल नव्हतंच. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात देव सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे, तुम्ही माझ्याकडचे उपरे आणि पाहुणे. दर पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ कुळाकडे परत. नाबोथ त्या कायद्यावर उभा होता. माझ्याकडे येणारा शेतकरी 'साहेब, पैसे नकोत, जमीन पाहिजे' म्हणतो तेव्हा समोरचा वकील हसतो. आता मला त्या हसण्याला उत्तर सापडलं.

दुसरं, ईजबेलने गुंड पाठवले नाहीत. तिने पत्रं लिहिली. राजाच्या नावाने, राजाचा शिक्का मारून, गावातल्या वडीलजनांना. उपवास जाहीर करा, नाबोथला मानाच्या जागी बसवा, समोर दोन साक्षीदार बसवा. कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार लागत, म्हणून बरोबर दोन. सगळं कागदावर स्वच्छ. माझ्या अशिलांच्या जमिनी अशाच गेल्या आहेत. खोटं कुलमुखत्यारपत्र, मेलेल्या माणसाचा अंगठा, आणि एका सुट्टीच्या आदल्या दिवशी मंजूर झालेला फेरफार. सातबारा बघाल तर एक अक्षर चुकीचं सापडणार नाही.

आता कायद्याचं. १९८८ चा धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा आहे. देवळाची, मशिदीची, चर्चची जागा राजकीय प्रचाराला वापरता येत नाही. निवडणुकीत धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली 'भ्रष्ट आचरण' आहे आणि २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा निकालाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. म्हणजे 'अमक्याला मत द्या' हे फादरांनी म्हणता कामा नये. पण 'तळं बुजवू नका' हा प्रचार नाही. पाण्याला निवडणूक चिन्ह नसतं.

---

खडीसाखर (सोमवार, सकाळी ८.२०)

वकीलसाहेब, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. 'उपरे आणि पाहुणे' वाचून काटा आला.

---

मिशन_कंपाउंड (सोमवार, दुपारी १.४८)

सर्वांना सलाम. मी नगरचा. आम्ही प्रॉटेस्टंट, म्हणजे आमच्याकडे मिस्सा नाही, उपासना; फादर नाहीत, पाळकसाहेब.

तुमची जमिनीची चर्चा मनापासून वाचली. पण माझ्या पणजोबांकडे जाण्यासारखा मळाच नव्हता. ते महारवाड्यातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. आमच्या घराला मिशनमुळे काय मिळालं तर अक्षर. पणजोबा दिवसा मेलेली ढोरं ओढायचे आणि रात्री कंदिलाखाली योहानाचं शुभवर्तमान बोट ठेवून वाचायचे. ते पुस्तक अजून घरी आहे. पहिल्या काही पानांवर ओळीखाली बोटाचा काळा पट्टा आहे, पुढे पुढे तो फिका होत गेलाय, कारण वाचनाचा वेग वाढला.

तर माझ्यापुरता श्रद्धा आणि राजकारण हा प्रश्न जन्मदाखल्यावरच सुरू होतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो की अनुसूचित जातीचा माणूस विशिष्ट धर्माचाच असला पाहिजे. आधी फक्त हिंदू, १९५६ मध्ये शीख जोडले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला. प्रवेशाच्या खिडकीत कारकून मला म्हणाला, "तुमच्यात जात नसते ना?" मी त्याला विचारलं, गावच्या पाणवठ्यावर येऊन सांगाल का हे?

---

समई (सोमवार, दुपारी २.१०)

दादा, मनापासून विचारते, वाईट वाटून घेऊ नका. ख्रिस्ती धर्मात जात नाही म्हणूनच तर लोक गेले ना? मग आता जातीच्या सवलती मागणं विसंगत नाही का?

---

मिशन_कंपाउंड (सोमवार, दुपारी ३.०२)

वाईट नाही वाटलं ताई, प्रश्न सरळ आहे.

धर्मात नाही, धर्म पाळणाऱ्यांत आहे. आजी सांगायची, प्रभुभोजनाला एकच पेला फिरायचा आणि पुढच्या बाकांवर 'चांगल्या घराण्यातून' आलेले बसायचे. पेला आधी त्यांच्याकडे, मग आमच्याकडे. कुणी कधी नियम लिहिला नव्हता. पेला कुठल्या टोकाकडून निघतो यावरून सगळं कळायचं. आणि गावात तर कुणी विसरलंच नव्हतं. बाप्तिस्म्याने पणजोबांचं नाव बदललं, वस्ती तीच राहिली.

म्हणून राजेळीताई, तुमच्या फादरांनी 'अहाब आपल्यातलाच आहे' म्हटलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकारला न्याय मागणारं चर्च आधी स्वतःच्या बाकांकडे बघत असेल तरच त्याचं बोलणं ऐकावंसं वाटतं. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण काढलं, चर्चमध्ये जातिभेद आहे हे कबूल केलं. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. उशीर झाला, पण झालं.

---

फौजदारी_वकील (सोमवार, सायंकाळी ६.१५)

@समई, यावर १९८५ चा सूसाईचा निकाल वाचण्यासारखा आहे. मद्रासचा रस्त्यावर बसणारा चांभार. सरकारने रस्त्यावरच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला नाही, कारण हा ख्रिस्ती. सुप्रीम कोर्टाने सांगितलं की धर्मांतरानंतरही तेच हाल त्याच तीव्रतेने चालू आहेत हे दाखवायला हवं, आणि तसा पुरावा समोर नाही म्हणून याचिका फेटाळली. म्हणजे त्याच फुटपाथवर, तीच आरी घेऊन बसलेल्या माणसाने आपले हाल तेच आहेत हे सिद्ध करायचं. हे मला आजही पटत नाही.

---

समई (सोमवार, सायंकाळी ६.४०)

पेल्याची गोष्ट डोक्यातून जात नाहीये. धन्यवाद दादा. आमच्या घरी कामवाल्या मावशींचा कप वेगळा असायचा, आईने तो माझ्या लग्नानंतर काढला. लिहून टाकते इथे.

---

इझारकाठ (सोमवार, रात्री ११.५०)

म्युनिकहून लिहितोय. @सरळरेघ, तुमचा मुद्दा मला पटला असता, पण इथे राहून तो अवघड झालाय.

इथून दोन-अडीच तासांवर फ्लोसेनबुर्ग आहे. ग्रॅनाइटची खाण आणि शेजारी छळछावणी. दिट्रिश बोनहोफर या पाळकाला ९ एप्रिल १९४५ ला तिथे फाशी दिलं. नोव्हेंबरात गेलो होतो, आवारात मी आणि एक शाळेची सहल एवढेच. पोरं गप्प होती. बोनहोफरने एप्रिल १९३३ मध्येच, हिटलर सत्तेवर येऊन तीन महिनेही झाले नसताना, लिहिलं होतं की चर्चने चाकाखाली सापडलेल्यांच्या जखमा बांधणं पुरेसं नाही, वेळ आली तर चाकालाच अडवावं लागतं. तेव्हा बहुतेक जर्मन ख्रिस्ती 'कैसराचे कैसराला' म्हणूनच गप्प होते. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हा तर सगळ्यांना पाठ.

पण दुसरी बाजूही सांगतो. १९३४ च्या मे महिन्यात बार्मेनला हिटलरच्या विरोधातल्या चर्चच्या लोकांनी जाहीरनामा काढला, आमचा प्रभू ख्रिस्त, दुसरा कुणी नाही म्हणून. फार धाडसाचा कागद. त्यात ज्यूंचा उल्लेख नाही. स्वतःच्या चर्चच्या स्वातंत्र्यासाठी ते उभे राहिले, शेजाऱ्यासाठी नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये श्टुटगार्टला अपराधाची कबुली दिली, त्यातही ज्यूंचं नाव नाही. कुपारी_पोऱ्याने शाळा आणि पाणी यांत जो फरक केला ना, तोच हा फरक.

---

सरळरेघ (मंगळवार, सकाळी ६.३०)

इझारकाठ, तुमचा प्रतिसाद पहाटे वाचला. फाशीपर्यंत गेलेल्या माणसापुढे मी काय बोलणार?

तरी माझी भीती खोटी नाही. दक्षिण आफ्रिकेत डच रिफॉर्म्ड चर्चने बायबलमधूनच वर्णभेदाला आधार काढून दिला होता. तेही न्यायाच्या भाषेतच बोलत होते. त्याच देशात त्याच बायबलमधून आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी उलट सांगितलं, हे मान्य. पण बाकावर बसलेल्या साध्या माणसाने कुणाचं ऐकायचं हे कसं ओळखायचं?

---

मिशन_कंपाउंड (मंगळवार, सकाळी ९.०५)

पेला कुठून निघतो ते बघायचं.

---

मुक्तीची_लेक (मंगळवार, सकाळी ११.३०)

पंडिता रमाबाईंचा विषय कसा नाही आला अजून? माझी आजी दौंडजवळच्या केडगावला रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढली, म्हणून हे नाव घेतलंय.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. तिथल्या धर्मभगिनींनी अमुक मान, तमुक मान म्हणून धरलं तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं की मी एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीत जायला नाही. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ज्या मोजक्या बायका गेल्या त्यांत त्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी आणल्या.

आणि १८९७ चा प्लेग. पुण्यात सरकारने घरांत शिरून माणसं उचलली, इस्पितळांत बायकांची सुरक्षितता नाही, हे रमाबाईंनी उघड पत्र लिहून छापलं. राज्य कुणाचं, ख्रिस्ती गोऱ्यांचं. देणग्या कुठून येणार, त्यांच्याच देशांतून. गव्हर्नर सँडहर्स्टनी आरोप फेटाळले, विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. इकडे हिंदू समाजाने 'बाटगी' म्हणून टाकलेली बाई आणि तिकडे सरकारही नाराज. त्यांनी धर्म बदलला, बाजू नाही बदलली. बाजू पहिल्यापासून टाकलेल्या बाईचीच होती.

आजी लिहायला तिथेच शिकली. तिची सही मोठी, दोन ओळी व्यापणारी होती. बँकेतला माणूस दर वेळी म्हणायचा, आजी, रकान्यात करा. ती म्हणायची, रकाना मोठा करा.

---

मांडवीतीर (मंगळवार, दुपारी १२.१०)

'रकाना मोठा करा' 😄 आजींना दंडवत!

गोंयहून बोलतोय. आमच्याकडे प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरचे हळूच बाहेर जाऊन कालच्या फुटबॉलवर बोलतात, त्यामुळे कोण निषेधाने गेला आणि कोण गोल मोजायला, हे पाद्रीबाबाला कधीच कळत नाही.

गंभीर : सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्या रापणकारांचे संसार बुडायला लागले. रापणकारांच्या लढ्यात मातान्ही साल्ढाणा उभे राहिले. पाद्री नव्हेत, शिक्षक. केरळात फादर थॉमस कोचेरी मच्छीमारांसोबत उपोषणाला बसले. म्हणून सरळरेघ, मला वाटतं प्रत्येक वेळी पाद्रीबाबानेच बोलावं असंही नाही. बाकावर बसणाऱ्याने उठून किनाऱ्यावर जायचं असतं.

---

रात्रपाळी (बुधवार, पहाटे ४.१५)

ड्यूटीवर आहे, वॉर्ड शांत आहे. थोडंच लिहिते.

मी नर्स. मत्तयच्या २५व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा विचारतो ते प्रश्न : भुकेला होतो, जेवू घातलंत? आजारी होतो, आलात? तुरुंगात होतो, भेटलात? श्रद्धा काय होती, मत कुणाला दिलंत, हे विचारत नाही. मी आजाऱ्यापर्यंत पोचले. तुरुंगापर्यंत कधी गेले नाही.

फादर स्टॅन स्वामी आठवतात. झारखंडात आदिवासींच्या जमिनी आणि विनाखटला डांबलेली पोरं यांसाठी काम करणारे जेझुइट संघाचे धर्मगुरू. ८ ऑक्टोबर २०२० ला भीमा कोरेगाव प्रकरणात अटक, वय ८३, कंपवात. तळोजा तुरुंगातून त्यांनी कोर्टाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला, कारण हातात पेला धरवत नव्हता. ५ जुलै २०२१ ला मुंबईत इस्पितळात गेले, खटला उभाच राहिला नाही. मी कंपवाताच्या रुग्णांना रोज पाणी पाजते. पेला ओठांना लावला तरी अर्धं पाणी गळ्यावर सांडतं, माणूस शरमतो, आपण मान पुसतो आणि दुसऱ्या विषयावर बोलतो. हे करायला किती वेळ लागतो? एक मिनिट.

कुणाला हा राजकीय प्रतिसाद वाटेल. मला पाण्याचा वाटतो. बेल वाजली, जाते.

---

खडीसाखर (बुधवार, सकाळी ८.००)

🙏 याच्यापुढे काय लिहू.

---

राजेळी (गुरुवार, रात्री १०.२०)

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी घरचं करायचं होतं. सगळ्यांचे प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवले. 'पाण्याला निवडणूक चिन्ह नसतं' यावर ते हसले आणि मग वकीलसाहेबांचं सगळं दोनदा वाचायला लावलं.

काल संध्याकाळी चुलतसासऱ्यांकडे गेले. सुकेळी घेऊन गेले, रिकाम्या हाताने जायचा धीर नव्हता. काकूने चहा ठेवला. काका बराच वेळ ओसरीवर सुपारी कातरत राहिले आणि मग म्हणाले, "फादर माझ्याकडे बघून बोलले." मी म्हटलं, तुम्हीच विकलंत ना काका ते. ते म्हणाले, "अकरा गुंठे. थोरल्याची किडनी. आठवड्याला दोन डायलिसिस. बँकेची नोटीस आली तेव्हा देवळातून कोण आलं होतं? तू आली होतीस?"

मी गेले नव्हते. आम्हाला नोटीस माहीत होती. गावात सगळ्यांना माहीत होती.

घरी येऊन तो अध्याय पुन्हा उघडला. इतके दिवस मी नाबोथ, अहाब, ईजबेल, एलीया एवढेच बघत होते. वकीलसाहेबांनी लिहिलेले ते वडीलजन. पत्र आलं, त्यांनी वाचलं, सांगितल्याप्रमाणे केलं. एकानेही विचारलं नाही. नाबोथ त्यांच्यात वाढलेला, त्याच्या मळ्यातली द्राक्षं त्यांनी खाल्ली असणार. गोष्टीत त्यांना शिक्षाही होत नाही, नावंही नाहीत. मी त्यांच्यातली आहे. आणि आमचं देऊळही.

आज फादरांना हे सांगितलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, "नोटिशीचं मला कुणी सांगितलं नाही," आणि लगेच, "नाही, मी विचारलं नाही." संध्याकाळी ते सायकल घेऊन काकांकडे गेले. काय बोलणं झालं माहीत नाही. काका अजून देवळात येत नाहीत.

---

सरळरेघ (गुरुवार, रात्री १०.५८)

राजेळीताई, मी रविवारपासून याच गोष्टीला शब्द शोधत होतो. फादरांनी बोलूच नये असं मला म्हणायचं नव्हतं. वेदीवरून बोलण्याआधी ओसरीवर जाऊन बसावं, एवढंच म्हणायचं होतं. एलीया मळ्यात जाऊन अहाबसमोर उभा राहिला, भर सभेत बोलला नाही. तसे फादर आज गेले, उशिरा का होईना.

बावखलाचं पुढे काय?

---

फौजदारी_वकील (शुक्रवार, सकाळी ७.४०)

तळ्याची नोंद महसुली कागदात असेल तर विनापरवाना भरावाविरुद्ध तहसीलदारांकडे अर्ज देता येतो. जुना गाव नकाशा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्काचा रकाना आधी बघा. कागद पाठवा, फी नको. काकांच्या व्यवहाराचेही कागद असतील तर तेही. अकरा गुंठ्यांत बावखलाचा तुकडा कसा आला हे मला बघायचंय. असे तुकडे विकणाऱ्याला न कळताही घुसवतात.

---

राजेळी (शुक्रवार, दुपारी १२.०५)

काकांकडे कागद मागितले. त्यांनी दिले! काकूने पिशवीत घालून दिले. नकाशा बघून सासरे आणि काका एका खाटेवर बसलेत आत्ता, पाच दिवसांनी.

एक बावखल अजून अर्धं उघडं आहे. पुढच्या रविवारी साडेसातच्या मिस्सेनंतर त्याचा गाळ आणि प्लास्टिक काढायचं ठरलंय. भरावाला हात लावायचा नाही, ते अर्जाचं काम. जवळपासचे कुणी असाल तर या. घमेली आहेत, फावडी कमी पडतील.

---

मिशन_कंपाउंड (शुक्रवार, दुपारी १.३०)

नगरहून आलो तर चालेल का? दोघं येऊ, मी आणि मुलगा. भाकऱ्या बांधून आणतो, बाजरीच्या, सगळ्यांना पुरतील एवढ्या.

---

राजेळी (शुक्रवार, दुपारी १.४२)

दादा, या! एस्टीने कल्याण, तिथून लोकलने दिवा, दिव्याहून वसईची गाडी मिळेल. शनिवारी रात्रीच या, आमच्याकडे राहा. पश्चिमेला उतरलात की फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते. सासरे विचारताहेत बाजरीच्या भाकरीबरोबर काय खाता. मी म्हटलं, आल्यावर त्यांनाच विचारा.